महागडं ग्राफिक्स कार्ड घेताना: आधी खोली, मग वॅट, मग पैसे

ग्राफिक्स कार्डांची बहुतेक परीक्षणं २० ते २३ अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि दुपारी घरात पंख्याखालीही ३६-३८. परीक्षणात ६५ अंशांवर शांत चालणारं कार्ड तिथे ८० दाखवतं, पंखे घोंघावू लागतात आणि दीड-दोन लाख मोजलेला माणूस घाबरून दुकानदाराला फोन लावतो. कार्ड बिघडलेलं नसतं. ते खोलीच्या तापमानावर उभं असतं आणि हा हिशेब खरेदीच्या आधी कोणी समजावून सांगितलेला नसतो.

पहिल्यांदाच एक लाखाच्या आसपासचं किंवा त्याहून महाग कार्ड घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. गेमिंगसाठी घ्या, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चित्रं रेंडर करायला घ्या किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवायला, पायऱ्या त्याच आहेत. उष्णता, आवाज आणि किंमत या तीन वेगळ्या चिंता वाटतात, पण तिन्हींच्या मुळाशी वॅटच असतात. कार्ड जितके वॅट खातं तितकी उष्णता खोलीत सोडतं, ती बाहेर काढायला पंखे तितके वेगाने फिरतात आणि ते पंखे शांत ठेवायचे तर तितका मोठा, महाग कूलर लागतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिली पायरी: खोलीचं तापमान मोजा

शंभर-दोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि पीसी जिथे ठेवणार तिथे उन्हाळ्यातल्या दुपारी ठेवून पाहा. हवामानाच्या अ‍ॅपवरचा आकडा बाहेरचा असतो, तो इथे कामाचा नाही.

कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कार्डाने केलेली वाढ. पंख्यांचा वेग आणि कार्ड खात असलेले वॅट तेच राहिले, तर वाढही जवळपास तीच राहते. समजा, ५७५ वॅटचं कार्ड २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालतंय. वाढ झाली ४५ अंश. तेच कार्ड ३८ अंशांच्या खोलीत ठेवलं तर ८३. आता त्याच कार्डाला ४३० वॅटवर बांधून ठेवा. वाढ उतरते ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे ३८ अंशांच्या खोलीतही कार्ड ७२ वर. पंखा, कूलर, कॅबिनेट काहीच बदललेलं नाही, फक्त वॅट कमी केले. कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा काही अंश गरम असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वर जातील, पण गणित हेच.

कार्डाने खाल्लेली वीज अखेर खोलीतच उष्णता म्हणून येते. गेम चालू असताना कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून सहज ७०० वॅट होतात. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा एकट्या पीसीसाठी खर्ची पडतो. दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून बसलात तर तासाभरात हे अंगाला जाणवतं. कितीही भारी वॉटर कूलिंग लावलं तरी यात फरक पडत नाही, कारण पाणी उष्णता संपवत नाही, फक्त चिपपासून रेडिएटरपर्यंत नेतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘लिक्विड कूलिंग घेतलं की खोली थंड राहील’ असा समज ऐकू येतो.

विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी डेझर्ट कूलर असतात. कोरड्या हवेत ते खोलीचं तापमान चांगलं उतरवतात आणि त्याचा फायदा कार्डालाही होतो. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, कारण त्यातून बारीक तुषार उडतात आणि क्षाराचं पाणी असेल तर पांढरा थर बसतो. मुंबई, कोकण, गोव्यात प्रश्न वेगळा आहे. तापमान कमी, पण दमट खारी हवा. तिथे पीसी उघड्या खिडकीजवळ ठेवू नये.

दुसरी पायरी: कार्डाचे वॅट पाहा

दुकानात जाण्याआधी कार्डाच्या नावापुढे त्याचे वॅट लिहून ठेवा. गेल्या काही वर्षांत ते कसे चढले पाहा. एनव्हिडिया कंपनीची २०१७ ची जीटीएक्स १०८० टीआय २५० वॅटची होती, किंमत ६९९ डॉलर. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० त्याच ६९९ डॉलरला आली, पण ३२० वॅट घेऊन. ऑक्टोबर २०२२ ची आरटीएक्स ४०९० म्हणजे ४५० वॅट आणि १,५९९ डॉलर. जानेवारी २०२५ ची आरटीएक्स ५०९० म्हणजे ५७५ वॅट आणि १,९९९ डॉलर. त्याच पिढीत ५०८० ला ३६० वॅट लागतात आणि ५०७० टीआयला ३००. एएमडीची मार्च २०२५ मध्ये आलेली आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॅटची आहे.

एसी नसलेल्या, उन्हाळ्यात ३५ अंशांच्या वर जाणाऱ्या खोलीसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: ३०० ते ३६० वॅटच्या टप्प्यात राहा. ५०९० सारखं कार्ड तिथे चालेल, पण त्याचा पूर्ण वेग वापरायची वेळ आली की तुम्हीच खोलीतून उठून जाल. ज्यांना ३२ जीबी मेमरी खरोखर लागते, म्हणजे मोठे थ्रीडी सीन किंवा एआय मॉडेल चालवणाऱ्यांना, त्यांनी ५०९० घ्यावं आणि वॅट कमी करून वापरावं. ते कसं करायचं, ते पुढे येतं.

विजेचं बिलही मोजून घ्या. ४५० वॅटऐवजी ३३० वॅटवर रोज चार तास काम केलं तर महिन्याला १४ युनिट वाचतात. आकडा छोटा आहे, पण महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. उन्हाळ्यात एसीमुळे तुम्ही आधीच टप्प्याच्या काठावर असाल, तर ही शेवटची युनिटंच सर्वांत महाग पडतात.

तिसरी पायरी: कूलर ओळखायला शिका

चिपवर थर्मल पेस्ट किंवा उष्णतेने मऊ होणारा पॅड असतो. त्यावर तांब्याची बेस प्लेट किंवा व्हेपर चेंबर. तिथून हीटपाइप निघतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या रांगेत उष्णता पसरवतात. पंखे त्या पात्यांमधून हवा ढकलतात. व्हेपर चेंबर आणि हीटपाइपमध्ये थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पाणी होतं आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येतं. या पाण्याचं प्रमाण चुकलं तर काय होतं, हे डिसेंबर २०२२ मध्ये एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनच्या काही आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डांवर दिसलं. हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सर्वांत गरम जागा, ११० अंशांवर जाऊन कार्ड मंदावत होतं आणि काही व्हेपर चेंबरमध्ये पाणी कमी पडल्याचं कंपनीने मान्य केलं.

बाजारात तुम्हाला मुख्यतः तीन पंख्यांची उघड्या कूलरची कार्डं दिसतील. ती गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात, म्हणून कॅबिनेटमध्ये हवेची ये-जा नीट लागते. एकच पंखा असलेली, गरम हवा मागून थेट बाहेर फेकणारी ब्लोअर कार्डं वर्कस्टेशनमध्ये, शेजारी शेजारी दोन-तीन कार्डं बसवायची असतील तेव्हा कामाची. घरात एकच कार्ड असेल तर ती नको, आवाज फार करतात. रेडिएटर जोडून येणारी लिक्विड कार्डं चिप चांगली थंड ठेवतात, पण त्यातला पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग असतो. पुण्या-मुंबईबाहेर राहत असाल आणि वॉरंटीसाठी कार्ड कुरियरने पाठवावं लागणार असेल, तर मी हवेवरचंच घ्या म्हणेन.

दुकानात कूलर तपासायचा सोपा मार्ग म्हणजे कार्डाचं वजन आणि जाडी. चिप एकच, वॅट सारखे, तर जास्त वजनदार आणि जाड कार्ड बहुधा जास्त शांत चालतं, कारण त्यात पात्यांचं क्षेत्रफळ जास्त असतं. याला अपवाद आहेत. ५०९० ची एनव्हिडियाने स्वतः काढलेली फाउंडर्स एडिशन फक्त दोन स्लॉटची, म्हणजे कॅबिनेटमागच्या दोन खाचांइतकी जाड आहे आणि तरी ५७५ वॅट सांभाळते, त्यासाठी चिपवर लिक्विड मेटल वापरलं आहे आणि हवा दोन्ही टोकांना कार्डातून आरपार जाते. पण इतर कंपन्यांच्या कार्डांमध्ये पातळ म्हणजे गोंगाट हे समीकरण बऱ्याचदा खरं ठरतं.

चौथी पायरी: आवाज कसा वाचायचा

डेसिबलचे आकडे साध्या बेरजेने वाचू नका. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले तर आवाज दुप्पट होत नाही, ३ डेसिबल वाढतो. पंख्याचा वेग २० टक्के कमी केला, समजा २,००० फेऱ्यांवरून १,६०० वर आणला, की साधारण ५ डेसिबल उतरतात. हा फरक रात्री शांत खोलीत स्पष्ट कळतो. आणि त्या २० टक्क्यांसाठी तापमान काही अंशच वाढतं. म्हणून कंपनीने दिलेला पंख्याचा वेग बदलणं ही आवाज कमी करायची सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

वेगवेगळ्या परीक्षणांतले डेसिबल एकमेकांशी ताडून पाहू नका. कोणी माइक ३० सेंटिमीटरवर ठेवतं, कोणी ५० वर, कोणी कॅबिनेट उघडं ठेवून मोजतं. एकाच परीक्षकाने, एकाच पद्धतीने मोजलेली चार कार्डं एकमेकांशी ताडा, तेवढंच खरं.

आपल्या घरात आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात छताचा पंखा पाचवर असतो, त्यात कार्डाचा आवाज बुडून जातो. तेव्हा चिंता तापमानाची. डिसेंबरात पंखा बंद, खिडक्या बंद, आणि तेच कार्ड अचानक ऐकू येऊ लागतं, जरी तेव्हा ते उन्हाळ्यापेक्षा हळू फिरत असलं तरी. त्यामुळे पंख्यांची मांडणी ऋतूनुसार दोन प्रकारे जतन करून ठेवलेली बरी.

पंख्यांपेक्षा त्रासदायक आवाज म्हणजे कॉइल व्हाइन, कार्डावरच्या कॉइल विजेच्या झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाने थरथरल्यामुळे येणारी बारीक किणकिण. गेमच्या मेन्यूमध्ये फ्रेम सेकंदाला पाचशे-हजारांवर जातात तेव्हा ती सर्वांत जास्त असते. कार्डाला यातून धोका नसतो. मॉनिटरच्या वेगाइतकी फ्रेमची मर्यादा घाला, बहुतेक वेळा किणकिण निम्म्याहून कमी होते. वॅट कमी केल्यावर आणखी कमी होते. बहुतेक कंपन्या हा दोष धरत नाहीत आणि वॉरंटीत कार्ड बदलून देत नाहीत. त्यामुळे शक्य असेल तर दुकानातच कार्ड चालवून ऐकून घ्या. मोठ्या शहरांतले काही दुकानदार पूर्ण पीसी त्यांच्याकडून बांधून घेतला तर हे करू देतात, विचारायला लाजू नका.

बऱ्याच महाग कार्डांवर एक बारीक स्विच असतो, त्याने शांत आणि वेगवान अशा दोन बायॉसमधून (कार्डाच्या आत साठवलेल्या मांडण्यांमधून) निवड करता येते. आसूसच्या टफ मालिकेवर त्याला ‘क्यू’ आणि ‘पी’ अशी अक्षरं असतात. कार्ड बसवण्याआधीच तो शांतकडे सरकवा, कारण नंतर काचेमागे बोट घालणं कठीण जातं. वेगात फरक इतका कमी असतो की खेळताना कळत नाही.

पाचवी पायरी: किंमत समजून घ्या

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर.

आधी डॉलरची किंमत रुपयांत कशी येते ते पाहू. अमेरिकेतली जाहीर किंमत करांशिवाय असते. आपल्याकडे ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे आणि छापील किंमत जीएसटी धरूनच असते. जानेवारी २०२५ मध्ये डॉलर साधारण ८६ रुपयांचा होता. त्या वेळी एनव्हिडियाने भारतासाठी जाहीर केलेल्या सुरुवातीच्या किमती अशा: ५०९० ला २,१४,०००, ५०८० ला १,०७,०००, ५०७० टीआयला ८०,००० आणि ५०७० ला ५९,०००. डॉलरच्या किमतीने भागून पाहा, चारही ठिकाणी एका डॉलरला सुमारे १०७ रुपये येतात. म्हणजे ८६ वर जीएसटी धरून १०१ आणि त्यावर पाच-सहा टक्के.

हे सूत्र वहीत लिहून ठेवा. अमेरिकी किंमत गुणिले आजचा डॉलर, गुणिले १.१८, आणि वर पाच-सहा टक्के. येणारा आकडा हा रास्त भाव. दुकानदार त्याच्या वर जितकं मागतो तितकं तुम्ही टंचाईसाठी किंवा कूलरसाठी मोजताय. कशासाठी मोजताय हे स्वतःला विचारा. कूलरसाठी असेल तर त्याचं काहीतरी हाती लागतं. टंचाईसाठी असेल तर दोन-तीन महिने थांबणं हा खरा पर्याय आहे. ५०९० मात्र या सूत्राच्या आकड्याला क्वचितच मिळतं, हे आधीच मनाशी धरून चला.

एकाच चिपच्या स्वस्त आणि महाग मॉडेलमध्ये हजारो रुपयांचं, ५०९० च्या बाबतीत त्याहूनही मोठं अंतर असतं. त्या पैशात वेग सहसा दोन-तीन टक्के वाढतो. बाकीचा पैसा मोठ्या कूलरचा, धातूच्या आवरणाचा आणि दिव्यांचा. मोठ्या कूलरला पैसे द्यायला माझी हरकत नाही, कारण शांतता रोज उपयोगी पडते. पण ५०७० टीआयच्या सर्वांत महाग मॉडेलची किंमत साध्या ५०८० च्या जवळ गेली, तर सरळ ५०८० घ्यावं. ३०० वॅटच्या चिपला चार स्लॉटचा कूलर लागतच नाही, मधल्या श्रेणीचा तीन पंख्यांचा पुरतो. ५०९० ला मात्र सर्वांत साधा कूलर घेऊ नका.

भाव कधी हलतात हेही माहीत असावं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि जुनी कार्डं बाजारात ओतली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने चीनला जाणाऱ्या शक्तिशाली चिपवर नवे निर्बंध जाहीर केले आणि ४०९० चे भाव सगळीकडे चढले. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या मागणीने मेमरी चिप महागल्या, त्याचा ताण जास्त मेमरीच्या कार्डांवर जास्त पडतो. नवी पिढी साधारण दोन वर्षांनी येते, २०१८, २०२०, २०२२ आणि मग २०२५ च्या सुरुवातीला. पिढी बदलताना जुनी नवीकोरी कार्डं स्वस्त होतील या आशेवर फार राहू नका, साठा आधीच आटवलेला असतो. स्वस्त होतात ती वापरलेली कार्डं.

वापरलेलं घ्यायचं असेल तर चालू पीसीत, अर्धा तास लोड देऊन, समोर बसून बघूनच घ्या. आरटीएक्स ३०९० च्या २४ पैकी १२ मेमरी चिप पाठीमागच्या बाजूला असतात आणि त्या तापतात. मायनिंगमध्ये राबलेल्या कार्डाचे थर्मल पॅड बदलावे लागणार हे धरून भाव करा. ४०९० च्या बाबतीत चिप आणि मेमरी काढून घेतलेली रिकामी कार्डं विकल्याची प्रकरणंही उघड झाली आहेत, त्यामुळे बंद खोक्यातलं, ‘माल चोख आहे, घरी जाऊन लावा’ असं सांगून विकलं जाणारं कार्ड घेऊ नका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर भाव विचारताना जीएसटी बिलासह विचारा. बिलाशिवाय काही हजार कमी सांगितले तर नको म्हणा. वॉरंटीचा आधार ते बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर असतो. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, ते काउंटरवरच ताडा. तुमचा व्हिडिओ एडिटिंगचा किंवा आर्किटेक्चरचा नोंदणीकृत व्यवसाय असेल तर जीएसटी क्रमांक बिलावर घाला, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं, तुमच्या सीएला विचारा. दुर्मीळ कार्डासोबत नको असलेला मदरबोर्ड किंवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गळ्यात मारला जातो, तेव्हा एकूण बेरीज वर सांगितलेल्या सूत्राशी ताडून बघा.

अमेरिकेतून नातेवाइकाकरवी मागवणं आकर्षक वाटतं. पण मर्यादेवरच्या किमतीला विमानतळावर कस्टम्स भरावी लागते आणि बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथेच चालते. कार्ड बिघडलं तर त्याच नातेवाइकाला पुन्हा गळ घालावी लागेल.

सहावी पायरी: कॅबिनेट, एसएमपीएस आणि ती केबल

कॅबिनेटला पुढे जाळी हवी, काच नको. पुढून दोन-तीन पंखे आत, मागून एक बाहेर, इतकं बहुतेकांना पुरतं. तळाला पंखा बसत असेल तर तो कार्डाला थेट थंड हवा देतो आणि त्याचा फरक चांगला जाणवतो. पीसी लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. त्या कप्प्यात गरम हवा कोंडते, मग कार्ड कितीही भारी असो. बाहेर काढा.

एसएमपीएस एनव्हिडियाच्या शिफारशीप्रमाणे घ्या: ५०९० ला १,००० वॅट, ५०८० ला ८५०, ५०७० टीआयला ७५०. थोडा मोठा घेतला तर त्याचा स्वतःचा पंखाही शांत राहतो. शक्यतो एटीएक्स ३.१ या मानकाचा घ्या म्हणजे नवा १६ पिनी कनेक्टर थेट मिळतो.

या कनेक्टरबद्दल काळजी घ्याच. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, आणि तो प्रवाह सहा पिनांतून जातो, एकेकीवर आठाहून जास्त अँपिअर. ऑक्टोबर २०२२ पासून ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. एनव्हिडियाने त्याच वर्षी नोव्हेंबरात सुमारे ५० प्रकरणं कळल्याचं सांगितलं आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण दिलं. नंतर १२व्ही-२×६ ही सुधारित आवृत्ती आली, तिच्यात संकेत देणाऱ्या पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या कनेक्टरमधून पूर्ण वीज मागितलीच जाऊ नये. तरी तुम्ही हे करा: केबल कार्डाला कॅबिनेटच्या बाहेरच, उजेडात जोडा. खटका बसल्याचा आवाज ऐका, फट राहिली नाही ना ते डोळ्यांनी पाहा. पहिले ३५ मिलिमीटर केबल सरळ ठेवा, मग वळवा. बाजूची काच केबलवर दाबत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी अरुंद आहे. नवा एसएमपीएस घेतल्यावर जुन्याच्या केबल त्याला लावू नका, दुसऱ्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि त्यात कार्ड जळू शकतं.

कार्डाचं वजन दोन किलोपर्यंत जातं. खाली आधाराची काठी लावा, ती बहुधा खोक्यातच येते.

वीज जाण्याची सवय असलेल्या गावात यूपीएसकडे लक्ष द्या. घराघरांत असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, त्यावर असा पीसी लोडखाली दोन सेकंदही टिकणार नाही. शुद्ध साइन वेव्हचा, १,५०० व्हीएच्या वरचा घ्या. अर्थिंग नीट आहे ना ते वायरमनला तपासायला लावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी तेच दुरुस्त करा, मग कार्ड बसवा.

सातवी पायरी: पहिल्या दिवशीची तपासणी

एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) हे तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका. अर्धा तास एखादा जड गेम किंवा थ्रीडीमार्कची ताण चाचणी चालवा आणि चार आकडे लिहून ठेवा: खोलीचं तापमान, चिपचं, मेमरीचं, आणि पंख्यांच्या फेऱ्या. फरमार्क या ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरने कार्ड तासन् तास भाजू नका, प्रत्यक्ष वापरात इतका ताण येत नाही.

४०९० आणि ५०९० ची कमाल मर्यादा एनव्हिडिया ९० अंश सांगते. लोडखाली ६५ ते ८० हे निर्धास्त. खोली ३८ अंशांची असेल तर ८३-८४ लाही घाबरू नका, त्या सुमारास कार्ड आपणच वेग थोडा आवरतं. एएमडीच्या आणि ४० मालिकेपर्यंतच्या एनव्हिडिया कार्डांवर हॉटस्पॉटही दिसतो. तो चिपच्या सरासरीपेक्षा १० ते २० अंश जास्त असणं नेहमीचं आहे, अंतर ३० च्या पुढे गेलं तर पेस्ट नीट पसरलेली नाही असं समजा आणि वॉरंटीत दाखवा. ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा सॉफ्टवेअरला मिळत नाही, तिथे चिप आणि मेमरी यांवरच भिस्त.

काम नसताना पंखे थांबलेले दिसले तर तो बिघाड नाही. साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत बहुतेक कार्डं पंखे बंदच ठेवतात.

आठवी पायरी: वॅट कमी करा

हीच पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विनाखर्च आहे, वॉरंटीला धक्का लावत नाही आणि नको वाटली तर एका क्लिकवर परत जाता येतं.

चिपला लागणारी वीज तिच्या वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते. कंपन्या परीक्षणात दोन-चार टक्के पुढे राहण्यासाठी व्होल्टेज वरच्या टोकाला नेऊन ठेवतात आणि त्या शेवटच्या टक्क्यांसाठी शंभर-दीडशे वॅट जातात. म्हणून मागे येताना वॅट खूप कमी होतात, वेग थोडासाच.

एमएसआय आफ्टरबर्नर उघडा, ते कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. ‘पॉवर लिमिट’ची पट्टी १०० वरून ८० वर आणा, बरोबरची खूण दाबा. ४५० वॅटची ४०९० आता ३६० वर चालते. रोजचा गेम खेळून पाहा. फ्रेम साधारण पाच टक्क्यांच्या आसपास घटतात, तापमान आणि पंखे मात्र ठळकपणे खाली येतात. जमलं तर ७५, मग ७०. जिथे फरक जाणवू लागेल तिथून एक पाऊल मागे या. एएमडीच्या कार्डांना हीच सोय त्यांच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये आहे.

थोडा सराव झाला की अंडरव्होल्ट करता येतं, म्हणजे जवळपास तोच वेग कमी व्होल्टेजवर चालवता येतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून वेग-व्होल्टेजची वक्ररेषा उघडा. आत्ता लोडखाली कार्ड किती मेगाहर्ट्झवर चालतंय ते पाहा, त्याहून किंचित कमी वेग ९५० मिलिव्होल्टच्या बिंदूवर ठेवा आणि त्याच्या उजवीकडची रेषा सपाट करा. गेम बंद पडला किंवा चित्र फुटलं तर वेग १५-३० मेगाहर्ट्झ उतरवा. प्रत्येक चिप वेगळी असते, दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. रेंडरिंग करणाऱ्यांनी रात्रभराचं काम लावण्याआधी दोन-तीन तास चाचणी घ्यावी, कारण गेममध्ये टिकलेलं अंडरव्होल्ट रेंडरमध्ये कोलमडू शकतं.

मग पंख्यांची रेषा आखा. ६० अंशांना ३५ टक्के, ७० ला ४५, ८० ला ६५ अशी हळूहळू चढणारी ठेवा. सततचा एकसारखा आवाज कान विसरतो, पण वर-खाली होणारा आवाज लक्ष वेधत राहतो. म्हणून तापमान थोडं उतरलं की लगेच पंखा उतरू नये यासाठीची ‘हिस्टेरेसिस’ची नोंद चार-पाच अंशांवर ठेवा.

पुढची निगा

वर्षातून दोनदा, मार्चमध्ये उन्हाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, कॅबिनेटच्या जाळ्या आणि कार्डाच्या पात्या साफ करा. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेने ती भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं नको.

साफसफाईनंतर पहिल्या दिवशीचे चार आकडे पुन्हा घ्या. खोलीचं तापमान वजा करून वाढ ताडा. धूळ काढूनही ती आठ-दहा अंशांनी जास्त असेल तर पेस्ट किंवा पॅड कोरडे पडलेत. वॉरंटी चालू असेपर्यंत कार्ड स्वतः उघडू नका, बऱ्याच कार्डांच्या स्क्रूवर सील असतं. वॉरंटी संपल्यावर पेस्टऐवजी पीटीएम७९५० सारखा पॅड बसवून घ्या. तो साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरतो आणि पेस्टसारखा हळूहळू बाहेर सरकत नाही. मेमरीवरचे पॅड बदलताना जाडी आधी मोजा, अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी चिपवरचा कूलर नीट टेकत नाही.

कार्डाचं खोकं, आतला फोम आणि बिल वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. सेवा केंद्रापर्यंतचा कुरियरचा प्रवास दोन किलोच्या कार्डाला मूळ फोममध्येच सोसवतो.